मारवेलच्या बीजाचा अभ्यास सुरू करताना

धुऱ्यावरच्या मारवेल गवतात फलनाशिवाय भ्रूण कसा घडतो, हे पाहण्याची तुमची इच्छा मला मनापासून आवडली. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. येथे बीजांडातील (ज्याचे पुढे बी होते त्या भागातील) एखादी देहपेशी अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन) टाळून थेट भ्रूणकोश (अंडपेशी धारण करणारी पिशवी) तयार करते आणि त्यातील अंडपेशी फलनाविना वाढून भ्रूण होते. म्हणून रोप हुबेहूब मातृरोपासारखे उपजते.

नवशिके बहुधा पुढच्या टप्प्यावर फसतात. परागकोश काढून कणीस पिशवीत झाकले आणि दाणे पोचट निघाले, तर हे गवत लैंगिकच आहे, असा निष्कर्ष काढू नका; कारण भ्रूणाला परागकणाची गरज नसली, तरी भ्रूणपोष (भ्रूणाला अन्न पुरवणारा दाण्याचा भाग) घडण्यासाठी ध्रुवीय केंद्रकाचे (भ्रूणकोशाच्या मधल्या पेशीतील केंद्रकाचे) फलन व्हावेच लागते आणि भ्रूणपोषाविना दाणा भरत नाही. एका झाडाची सगळी रोपे सारखी दिसली, हाही पुरेसा पुरावा नव्हे, कारण स्वपरागणानेही संतती बरीच एकसारखी होऊ शकते.

खरा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. फुले उमलण्याच्या सुमारास अंडाशय ३ भाग अल्कोहोल व १ भाग अ‍ॅसिटिक आम्लात ठेवा. लैंगिक भ्रूणकोशात प्रतिमुखी पेशी (अंडपेशीच्या विरुद्ध टोकाच्या पेशी) असतात, देहपेशीजन्य कोशात नसतात, शिवाय एका बीजांडात असे अनेक कोश आढळू शकतात. गुणसूत्रेही मोजून घ्या: मारवेलची द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) झाडे लैंगिक असतात, तर चतुर्गुणित (चार संच असलेल्या) झाडांत लैंगिक आणि फलनाविना असे दोन्ही मार्ग एकत्र नांदू शकतात.