वाचकांचे प्रश्न: ओम्नीची जुनी ग्रिल घेताना

प्रश्न (निपाणी): माझी २००६ ची मारुती ओम्नी उसाच्या ट्रॉलीला मागून हलकी टेकली. ग्रिल फुटली, बसवायचे दोन कान तुटले. नवीन ग्रिल जवळपास मिळेना. बेळगाव किंवा कोल्हापूरहून भंगारातली आणायचा विचार आहे. काय बघून घ्यावी? एमएच पासिंग गाडीची ग्रिल केए गाडीला लावली तर आरटीओत अडचण येईल का?

उत्तर: आरटीओचं आधी सांगतो, अडचण येत नाही. आरसीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग यांची नोंद असते, ग्रिलची नसते. दुकानदाराकडून पावती मात्र घ्याच. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून विकत घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि पावतीशिवाय तुमची बाजू लंगडी पडते.

आता मॉडेल. ही गाडी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. १९९८ साली समोरचा चेहरा बदलला, हेडलाइटही बदलले, त्यामुळे त्याआधीची ग्रिल तुमच्या गाडीला बसणार नाही. त्यानंतरच्या सगळ्या एकसारख्या आहेत असंही धरून चालू नका. फुटलेली ग्रिल तुकड्यांसकट सोबत न्या आणि दोन्ही पाठीला पाठ लावून भोकं जुळवा. मूळ कंपनीच्या भागावर मागच्या बाजूला पार्ट नंबर उठवलेला असतो: आधी पाच, मग पाच अक्षर-अंक, आणि कधी शेवटी तीन. शेवटचे तीन रंगाचे असतात. ते वेगळे असले तरी चालतं, पहिले दहा जुळले पाहिजेत. जुनी ग्रिल नेता येत नसेल तर जाड कागदावर तिचा छाप काढून भोकं टोचून घ्या. दोन टोकांच्या भोकांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक कानशीने भोक लांबट करून निभावतो. त्याहून जास्त असेल तर ग्रिल वाकलेली आहे किंवा दुसऱ्या मॉडेलची आहे.

चकाकीला भुलू नका. पॉलिश मारून जुनं प्लास्टिक तासाभरात नवं दिसतं, कान मात्र पॉलिशने परत येत नाहीत. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक पाठीमागे भुरकट पडतं, बोट फिरवलं की पावडर लागते. कोपरा हलकेच वाकवून बघा. पांढरी रेघ उमटली तर ती ग्रिल तिथेच ठेवा. प्रत्येक कानाच्या मुळाशी चीर आहे का, हे मोबाइलच्या उजेडात बघा. चीर तिथूनच सुरू होते. मागे डिंक किंवा एम-सीलचा थर दिसला तर तो कान आधी तुटलेला आहे. तुमच्या जुन्या ग्रिलच्या क्लिपा, स्क्रू आणि पत्र्यावरचे यू-नट फेकू नका, भंगारातल्या ग्रिलसोबत ते क्वचितच येतात.

सगळ्यात जास्त ग्रिल फुटतात त्या बसवताना. धक्क्याने मागचा पत्रा आत गेला असेल तर भोक समोर येत नाही. मग मेकॅनिक स्क्रू आवळून ग्रिल ओढून घेतो, तिच्यावर कायमचा ताण राहतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर कान पुन्हा तुटतो. म्हणून आधी पत्रा सरळ करून घ्या. सगळे स्क्रू दोन-तीन आटे लावून सैल ठेवा, दोन्ही हेडलाइटशी फट सारखी करा आणि मग हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. ड्रिल मशीनने आवळू नका. डोक्याखाली रुंद वॉशर टाका. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा क्लिपा दाबण्याआधी त्यांवर गरम पाणी ओता.

प्रश्न (खानापूर): ग्रिल पुन्हा फुटू नये म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावू का?

उत्तर: नको. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन असे गार्ड बेकायदा ठरवले. शिवाय धक्क्याचा जोर गार्डमधून थेट सांगाड्यात जातो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते.

प्रश्न (चिकोडी): जुन्या ग्रिलला रंग दिला, दोन महिन्यांत पापुद्रे निघाले. कुठे चुकलं?

उत्तर: मागे छापलेली अक्षरं बघा. ती प्लास्टिकचा प्रकार सांगतात. ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन) असेल तर नेहमीचा प्रायमर त्याला धरत नाही. आधी साबणाने तेल-मेण काढा, ३२० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर मारा, प्लास्टिकचा खास प्रायमर द्या आणि नंतरच रंग. ‘एबीएस’ असेल तर साधा प्रायमरही चालतो. चीर सांधतानाही हाच फरक. एबीएसचे बारीक तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ती लापशी पाठीमागून भरा, ती चांगली धरते. पीपीला डिंक चिकटत नाही, सोल्डरिंग आयर्नने वितळवून स्टीलची बारीक जाळी आत दाबावी लागते. दोन्हीत चिरेच्या टोकाला आधी दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. खानापूर-बेळगाव पट्ट्यात जून ते सप्टेंबर उघड्यावर रंगकाम टाळा. हवेतल्या ओलीने लॅकर दुधासारखा पांढरा पडतो.