‘डिसेंबरात पुण्याला गेलो की करू’

लंडनच्या हॅरो भागातून एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय:

“ताई, नमस्कार. आम्ही सहा वर्षं इथे आहोत. नवरा ४२ वर्षांचा, मी ३६, मुलगी ९. गेल्या महिन्यात नवऱ्याला जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, हेल्थ चेकचं पत्र आलं, ते त्याने रद्दीत टाकलं. म्हणतो, ‘मी बारीक आहे, पाच फूट सात इंच उंची, ६५ किलो वजन, मला काय धाड भरलीय? डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तिथे एका सकाळीत फुल बॉडी चेकअप होतं.’ सासूबाई-सासरे पाच महिन्यांसाठी आलेत. सासूबाईंना बारा वर्षं डायबेटिस आहे. इंग्रजी येत नाही, हिंदीही जेमतेम. डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर मुलगी बोलेल त्यांच्या वतीने, ती चुणचुणीत आहे. माझं तसं काही नाही. मुलीच्या वेळी, पुण्याला, शुगर वाढली होती, पण बाळंतपणानंतर नॉर्मल आली. मी उगाच काळजी करतेय का?”

उगाच नाही गं. फक्त तुझ्या काळजीचा क्रम चुकलाय, त्यावर शेवटी येते. आधी नवऱ्याचं बघू, कारण ‘मी बारीक आहे’ हे वाक्य या शहरात इतक्या मराठी पुरुषांच्या तोंडून ऐकलंय की आता मला त्याचा कंटाळा येतो.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा, जरा मिस्कील लेख आला होता. त्यात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो. एक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन निघाले ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. तुझ्या नवऱ्याच्या आकड्यांवरून मी हिशेब केला, त्याचा बीएमआय येतो २२.४. म्हणजे तो कोणाच्या पंगतीत बसतो ते त्याला काट्यावरून कळणारच नाही.

याची मुळं खूप मागे जातात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडापेराने आणि स्नायूंनी किरकोळ, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. बाहेरून बारीक, आतून चरबीदार, आणि ती चरबी पुढे जमते ती पोटात, यकृताच्या आसपास. म्हणून इंग्लंडमध्ये वैद्यकीय निकष ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था दक्षिण आशियाई माणसाचं वजन बीएमआय २३ पासूनच जास्त धरते आणि २७.५ पासून लठ्ठपणा. गोऱ्या लोकांना हीच रेघ २५ आणि ३० वर आहे. आणि तुमच्या शेजारच्याच साउथॉल आणि ब्रेंटमध्ये, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका लांबलचक अभ्यासात असं दिसलं की भारतातून आणि आसपासच्या देशांतून आलेल्यांना म्हातारपणापर्यंत डायबेटिस होण्याचं प्रमाण युरोपीय शेजाऱ्यांच्या किमान दुप्पट आहे.

त्याच्या हातात आज रात्री शिवणकामाची टेप दे. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. त्याच्या उंचीला म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आत. पँटचा नंबर सांगू देऊ नकोस. आपले पुरुष पोट सुटलं की पँट पोटाखाली बांधतात आणि तीस वर्षं एकच नंबर सांगत राहतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून.

आता पुण्याच्या चेकअपबद्दल. तिथल्या लॅब वाईट आहेत असं मी म्हणत नाही, उलट तत्पर आहेत. अडचण वेगळी आहे. तिथला रिपोर्ट येतो सत्तर आकड्यांचा, त्यातल्या बारापुढे चांदण्या, आणि तो जातो बॅगेतून ड्रॉवरमध्ये. समज, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, आली ६.२ टक्के. पुण्याचे डॉक्टर म्हणतील, ‘बॉर्डरवर आहे, गोड कमी करा.’ झालं. इथे तीच तपासणी वेगळ्या एककात मोजतात, तोच आकडा ४४ असा दिसतो. इथे ४२ ते ४७ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर आणि ४८ पासून पुढे डायबेटिस. ४४ ची नोंद इथल्या जीपीकडे झाली की दोन गोष्टी घडू शकतात. डायबेटिस टाळण्यासाठी एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, काही महिन्यांचा मोफत कार्यक्रम आहे, त्यात नाव जातं. आणि दर वर्षी पुन्हा तपासायला बोलावणं येतं. ड्रॉवर कुणाला बोलावत नाही. बरं, व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, तो आता वर्षाला मोठ्या माणसामागे १,०३५ पौंड आहे, मुलामागे ७७६. पैसे इथे मोजायचे आणि सुई पुण्यात टोचून घ्यायची, हा कुठला हिशेब?

ते रद्दीतलं पत्र हे इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी येतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, डायबेटिसचा धोका, एवढंच असतं, वीस-तीस मिनिटं लागतात. त्याला तेवढंही जड जात असेल तर शनिवारी भाजी आणायला जाताना कोपऱ्यावरच्या फार्मसीत ने. चाळिशी उलटलेल्यांचा रक्तदाब बऱ्याच फार्मसींमध्ये फुकट मोजतात. एकदा वरचा आकडा १४५ दिसला की पुढची वाट आपोआप सापडते, असा माझा अनुभव आहे.

पुण्याहून येणाऱ्या बॅगेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. दर आठवड्याला एक अशा ६० हजार युनिटच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या आपल्या घराघरांत असतात, आणि ‘दुखतंय म्हणून’ मनानेच घेतल्या जातात. आपल्या सावळ्या कातडीला इथला सूर्य पुरत नाही, हे खरंच. पण त्यासाठी इथला सल्ला रोज १० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ४०० युनिटचा आहे, आपल्यासारख्यांना बारा महिने. मोठा डोस हा डॉक्टरने रक्त तपासून द्यायचा असतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्यांबद्दल मी बोलायलाच नको, तुला माहीत आहे.

सासूबाईंचं जरा नाजूक आहे. व्हिजिटर म्हणून आल्या असल्या तरी जीपीकडे त्यांची नोंदणी होऊ शकते. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही, आणि जीपीला भेटायचे पैसे पडत नाहीत. रिसेप्शनवर कुणी कागद मागून परत पाठवलं तर हे शांतपणे सांग. अपघात विभागातली तपासणीही फुकट. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू होतो, आणि भारतातून आलेल्या पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंड किंवा जास्त थकले तर पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. म्हणून त्यांच्या प्रवास विम्याचा कागद आजच काढ आणि त्यात डायबेटिस जाहीर केलाय का ते बघ. न सांगता काढलेला विमा हा नुसता कागद. टीबीचं मात्र निदान आणि उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत. तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ‘लोक काय म्हणतील’ हा विचार न करता जायचं.

त्यांच्या गोळ्या मोज. पाच महिन्यांसाठी आल्यात, सोबत तीन महिन्यांच्याच आणल्या असतील तर आत्ताच कळलेलं बरं. भारतात दोन-तीन औषधांची मिळून एक गोळी सर्रास देतात. तशा कितीतरी जोड्या इथे मिळत नाहीत, आणि व्होग्लिबोज हे डायबेटिसचं औषध तर इथे वापरातच नाही. पट्टीवरची घटकांची नावं आणि मात्रा स्पष्ट दिसतील असे फोटो काढून ठेव. ‘पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची’ यावरून इथला डॉक्टर काही करू शकत नाही.

मुलगी दुभाषी म्हणून जाईल, हे मात्र मला मुळीच पटलेलं नाही. मी बरीच वर्षं इथल्या दवाखान्यांत मराठी दुभाष्याचं काम केलं. एकदा साठीच्या पुढच्या एक आजी आल्या, बरोबर अकरा वर्षांची नात. खोलीत आजी म्हणाल्या, ‘थकवा वाटतो.’ नातीने तेवढंच सांगितलं, आणि अगदी बरोबर सांगितलं. त्या दिवशी मी दुसऱ्याच पेशंटसाठी तिथे होते. मराठी ऐकून आजी बाहेर माझ्याशी बोलायला थांबल्या आणि नात पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाल्या, ‘अंगावरून जातंय गं, दोन महिने झाले.’ पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईला रक्त जाणं ही लगेच तपासायची गोष्ट आहे. ती नातीसमोर त्या बोलणारच नव्हत्या. मी परत आत गेले, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, त्याच आठवड्यात पुढची चिठ्ठी गेली.

आणखी एका ठिकाणी आई म्हणत होती, ‘जीव घाबरा होतो.’ मुलगा चांगला शिकलेला, त्याने सांगितलं की आईला टेन्शन आहे. दहा मिनिटं झोप, एकटेपणा, घरची आठवण यांवर गेली. बाईला सांगायचं होतं की जिना चढताना छातीत धडधडतं आणि दम लागतो. मुंग्या येणं, अंगात कसकस, पोटात कालवणं, डोकं जड होणं, यांतल्या एकेका शब्दाचं भाषांतर करताना मी अजूनही दोनदा विचार करते. नऊ वर्षांच्या मुलीवर ते टाकू नकोस. एनएचएसच्या सूचनांतही हेच आहे: मुलांनी दुभाषी व्हायचं नाही, आणि व्यावसायिक दुभाष्याचे पैसे पेशंटने द्यायचे नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रेटर’ माग आणि वेळ दुप्पट माग. बहुतेक वेळा फोनवरचा दुभाषी मिळतो. ‘मराठी’ हा शब्द दोनदा उच्चार, नाहीतर भारतीय म्हटल्यावर सहज हिंदीचा दुभाषी येतो, आणि सासूबाई मान डोलावत बसतात.

जीपीच्या नोंदणीच्या फॉर्मवर वंश आणि भाषा यांचे रकाने असतात, ते लोक वैतागून सोडून देतात. भरत जा. इंग्लंडमध्ये प्रत्येक भागाच्या कौन्सिलला आणि एनएचएसला मिळून आपल्या भागातल्या लोकांच्या आरोग्याच्या गरजांचा आढावा काढावा लागतो, कायद्याने. तो नोंदींवरून निघतो. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला भारतीय लिहिलं, आणि त्यांच्यासकट पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी सगळे ‘आशियाई’ या एका मोठ्या खान्यात जातात. त्या सरासरीत आपण कुठे असतो कोण जाणे. जो तपासणी पुण्यात करतो, भाषेचा रकाना कोरा ठेवतो आणि स्क्रीनिंगची पत्रं न उघडता फेकतो, तो त्या आढाव्यात निरोगी दिसतो. मग मराठी दुभाषी कशाला नेमायचा? आतड्याच्या कर्करोगासाठी पन्नाशीनंतर घरी येणारं शौचाच्या नमुन्याचं किट आपल्या लोकांत कमी परत जातं, गर्भाशयमुखाच्या तपासणीलाही बायका कमी जातात. किळस आणि लाज, दुसरं काय. तुला ते दुसरं पत्र आलं असेलच, २५ पासून येतं. आलं असेल तर जा.

आणि आता तू. सगळ्यांचं सविस्तर लिहून झाल्यावर ‘माझं तसं काही नाही’ असं लिहिलंस, आणि लगेच पुढे या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर नॉर्मल आली म्हणजे त्या वेळची गेली, एवढंच. इथला नियम असा की अशा बाईची एचबीए१सी तपासणी दर वर्षी व्हायला हवी. बाळंतपण इथे झालं असतं तर बोलावणं आलं असतं. पण तुझी फाइल पुण्यात, त्यामुळे तुझ्या जीपीच्या लेखी तुला ते कधी झालंच नाही. नऊ वर्षं झाली गं. शिवाय दक्षिण आशियाई लोकांचा डायबेटिसचा धोका पंचविशीपासूनच तपासावा, चाळिशीची वाट बघू नये, असं इथे सुचवलेलं आहे, तेव्हा ‘तुमचं वय बसत नाही’ असं कुणी म्हटलं तरी मागे हटू नकोस. दुसरं मूल हवं असेल तर आधीच सांग, म्हणजे दिवस राहिल्यावर लगेच तपासतील.

सोमवारी सकाळी आठला फोन लाव, लाइन उघडते तेव्हा. म्हणायचं की २०१० च्या दशकात भारतात बाळंतपण झालं, तेव्हा जेस्टेशनल डायबेटिस होता, ते माझ्या रेकॉर्डवर घाला आणि एचबीए१सीची तारीख द्या. पुण्याची फाइल आईकडे असेल तर तिला व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो पाठवायला सांग. नवऱ्याच्या हेल्थ चेकची नवी तारीखही त्याच फोनवर मिळेल, पत्र रद्दीत सापडलं नाही तरी चालतं. आधी तुझी घे.