पहिल्यांदा निरूपणाला उभी राहशील तेव्हा

अगं, एकादशीला बोलायचंय म्हणून एवढी धास्ती घेऊ नकोस. श्रद्धेची व्याख्या पाठ करून येऊ नकोस. लहानपणच्या सुट्टीतली एखादी आठवण सांग, पण अगदी नेमकी.

माझीच सांगते. मे महिन्यात आम्ही ठाण्याला आजीकडे यायचो. संध्याकाळी तिचं बोट धरून मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वराला जायचं. महादेवाकडे माझं रोजचं एकच मागणं, तलावातल्या होडीत बसायला मिळू दे. आजीकडे तेवढे पैसे नसायचे. एकदा देवळाबाहेर येऊरकडची बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तिने पानाच्या द्रोणात माप ओतलं, माझ्याकडे बघितलं आणि वर आणखी मूठभर घातली. कुणी मागितली नव्हती. चिकाने बोटं चिकट झाली, ओठ जांभळे. होडी त्या सुट्टीत राहिलीच. ती मूठ मात्र पन्नास वर्षांनीही आठवते.

आता जपायची गोष्ट. देवाने होडीऐवजी करवंदं दिली, असा हिशेब लावू नकोस. समोर बसलेल्यांपैकी कुणाचं तरी मागणं वर्षानुवर्षं अडलेलं असतं, त्यांना तो टोचतो. मूठ दाखव आणि क्षणभर थांब. ज्याची त्याची मूठ ज्याला त्याला आठवेल. सावतोबांनाही विठाई मळ्यातल्या भाजीतच दिसली ना!

दहा मिनिटांत आटप. मी पहिल्याच रांगेत बसते.