प्रश्न तुमचे : संत्र्याचा रस की फोडी?

प्रश्न : वरूडला दिरांचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहराचा, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीचा माल निघाला की आमच्याकडे क्रेट भरून संत्री येतात. सासूबाई म्हणतात, थंडीत संत्रं खाल्लं की सर्दी होते. शेजारच्या काकू म्हणतात, रोज खाल्लं तर सर्दी होतच नाही. मुलगी पंधरा वर्षांची, हिमोग्लोबिन ९.८, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. यजमानांना मधुमेह आहे. मी सगळ्यांना सकाळी ग्लासभर रस देते. चालेल ना?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : आधी सर्दीचा वाद मिटवू. सर्दी विषाणूमुळे होते, संत्र्यामुळे नाही. फ्रिजमधलं गार फळ घशाला सोसत नसेल, तर सासूबाईंना बाहेर ठेवलेलं द्या, दुपारच्या उन्हात बसून सोलू द्या. पण काकूंचंही खरं नाही. क जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते, टळत मात्र नाही.

तुमच्या घरात संत्र्याचा खरा उपयोग मुलीला आहे. भाकरी, मेथी, हरभरा यांतलं लोह शरीर जेमतेम शोषतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं की ते कितीतरी चांगलं शोषलं जातं. म्हणून तिचं संत्रं सकाळच्या रसात घालवू नका, जेवणाच्या ताटात ठेवा. चहा मात्र जेवणापासून आणि गोळीपासून तासभर तरी लांब, कारण त्यातली टॅनिन लोह अडवतात. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहाचं आधण चढतं, तिथंच घोळ होतो. आणि गोळ्या चालूच ठेवा, ९.८ पर्यंत उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या संत्र्यानं भरून निघणार नाही.

मी संत्र्यांच्या काटोलची, तरी एक सांगायलाच हवं : क जीवनसत्त्वात पेरू आपल्या संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. शंभर ग्रॅम संत्र्यात ते साधारण २७ मिलिग्रॅम, पेरूत दोनशेच्या वर. आंबिया संपून मृग बहराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडचा माल येईपर्यंत मध्ये खंड पडतो, तेव्हा पेरू द्या, नाहीतर वरणावर लिंबू पिळा.

आता रसाचं. २५० मिलीच्या ग्लासाला चार-पाच संत्री पिळावी लागतात. चोथा गाळणीत राहतो आणि पोटात जाते सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे, तीही पटकन रक्तात उतरणारी. यजमानांचा रस आजपासून बंद. त्यांना एक मध्यम संत्रं, फोडींवरच्या पांढऱ्या शिरांसकट. सोलताना त्या शिरा निगुतीनं काढत बसायची आपल्याला भारी हौस, पण तंतू तिथंच असतात. चार-पाच संत्री पिळून पिता येतात; चावून एवढी कोण खातं? रस बाकीच्यांनाही रोज नको.

यजमानांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर मात्र तेवढं एक संत्रंही डॉक्टरांना विचारूनच द्या. सासूबाईंना आम्लपित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी नको, दुपारी जेवल्यानंतर चालेल. आणि संत्रं खाल्ल्यावर मुलीला लगेच दात घासू देऊ नका. आंबटानं दातांचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा, ब्रश अर्ध्या तासानं.