अर्जाची पोच घे

प्रिय,

तुझं पत्र काल मिळालं. झोप लागत नाही, डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, याबद्दल दोन पानं भरून लिहिलंस. पैशांचा विषय मात्र शेवटी, एका ओळीत: 'सध्या जरा ओढाताण आहे, पण चालायचंच.' मला वाटतं, सगळं पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलं गेलं. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर अडकणं म्हणजे बुद्धी गंजणं नव्हे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ऊसतोडीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडीनंतर पैसा आल्यावर, अशा दोन्ही वेळी विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. माणसं तीच, पण तोडीआधी त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. पैशांची विवंचना डोक्यातली जागाच अडवून बसते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तुझ्या फीची तारीखही तशीच ठाण मांडून बसली आहे, आणि तू दोष देत बसतेय तो स्वतःच्या आळसाला.

माझी एक फजिती सांगते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी ग्रंथालयाची दोन पुस्तकं परत करायची राहिली आणि दंड चढू लागला. तो भरायला पैसे नव्हते, म्हणून मी ग्रंथालयात जाणंच बंद केलं. ग्रंथपालबाई समोरून येताना दिसल्या की जिना बदलायचे! जवळजवळ दोन महिने असे गेले. दंड रोज वाढतच होता, शिवाय परीक्षा तोंडावर असताना वाचनकक्ष आणि संदर्भग्रंथही गेले. शेवटी एकदाची गेले, तर प्रत्यक्ष रक्कम माझ्या मनातल्या आकड्याच्या निम्मीही नव्हती. बाईंनी ती दोन वेळा मिळून भरायला सांगितली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. माझ्या लाजेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पैसे थोडेच बुडाले, पण ते दोन महिने मात्र पुरते वाया गेले.

म्हणून आज एवढंच कर. एका कागदावर लिही: हातात किती आहेत, कुणाचं किती देणं आहे, सत्र संपेपर्यंत काय काय भरायचं आहे. प्रत्येक रकमेपुढे तारीख घाल. तारीख नसलेला आकडा नुसता घाबरवतो. विद्यार्थ्यांचा हिशेब महिन्यावर बसत नाही, कारण पैसे सत्राच्या सुरुवातीला एकगठ्ठा येतात आणि खर्च रोज होतो. तेव्हा आधी भाडं, फी, परीक्षा शुल्क बाजूला काढ. प्रकल्पाची छपाई, मोडलेला चष्मा, अचानक करावा लागणारा प्रवास यांसाठीही थोडं ठेव. उरेल त्याला उरलेल्या आठवड्यांनी भाग. येईल तो तुझा आठवड्याचा आकडा.

तो आकडा फारच लहान आला तर? तर काटकसरीवर व्याख्यान देणाऱ्यांपासून दूर राहा. (अशी माणसं बहुधा पोट भरल्यावरच बोलतात.) खर्च कापून कापून किती कापणार? जमा कमी असेल तर जमाच वाढवावी लागते, नाहीतर देणं पुढे ढकलावं लागतं. अर्धवेळ काम घेणार असशील तर जाण्यायेण्याचा वेळ धरून तास मोज आणि परीक्षेच्या आठवड्यांत सुट्टी मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचार.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांच्या वाटेला जाऊ नकोस. 'महिना फक्त ३ टक्के' ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं आणि काहीच न फेडता दोन वर्षं गेली की रक्कम दुप्पट होते. त्यात ते प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतात, ते वेगळंच. आणि जे ॲप तुझ्या फोनमधले सगळे संपर्क मागतं, ते ते कशासाठी मागतं, याचा विचार कर.

रात्रीच्या काळजीवर एक जुना उपाय आहे. १९८३ साली थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला: काळजी करायला रोज ठरावीक अर्धा तास आणि ठरावीक जागा ठेवायची. एरवी मनात आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं. मला आधी हसूच आलं होतं, पण करून पाहिलं. संध्याकाळी, कागद समोर घेऊन. बिछान्यात मात्र नाही. महिन्याभराने निम्म्या काळज्या ठरलेल्या वेळी हजरच राहीनाशा झाल्या. तरीही झोप येईना, जेवण जाईना, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाला भेट. आणि जगण्याचाच कंटाळा आला असं कधी मनात आलं, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नकोस. त्याच घटकेला मला किंवा जवळ असेल त्या माणसाला उठव.

घरच्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांना त्रास नको म्हणून तू गप्प, आणि तुला त्रास नको म्हणून कदाचित तेही गप्प असतील.

आता फीचं. मुदत उलटल्यावर गेलं की कारकुनाच्या हातात फारसं काही उरत नाही. मुदतीआधी गेलं तर हप्ते पाडून मिळण्याची, गरजू विद्यार्थ्यांसाठी काही निधी असल्यास तो मिळण्याची शक्यता तरी असते. तोंडी विनवणी करू नकोस, लेखी अर्ज दे. किती रक्कम आत्ता भरता येईल आणि बाकीची कोणत्या तारखेला, हे स्पष्ट लिही. घरची करुण कहाणी चार ओळींपेक्षा लांबवू नकोस. दोन प्रती ने आणि एकीवर शिक्का मारून पोच घे. खिडकीवरचा माणूस 'नंतर या' म्हणाला, तर कोणाकडे आणि कधी, हे विचारल्याशिवाय हलू नकोस.

मसुदा आजच लिहून मला पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, सकाळी पहिल्यांदा तोच वाचेन.

तुझी,
बाई