कुरण हाती घेताना आधी पाणी मोज

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

दक्षिण टेक्सासमधल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर रुजू होतोयस, तर पहिल्या आठवड्यात वळू बघत बसू नकोस, पाणी मोज. त्याच मुलखातल्या किंग रँचचा क्रम बघ. आज ८,२५,००० एकरांवर पसरलेली ही रँच सुरू झाली १८५३ मध्ये. आर्टेशियन विहिरीला, म्हणजे दाबाने पाणी आपोआप वर येणाऱ्या विहिरीला, पाणी लागलं १८९९ मध्ये, आणि तिथे घडवलेल्या सांता गर्ट्रूडिस या गुरांच्या जातीला सरकारी मान्यता मिळाली १९४० मध्ये.

वासरू पाजणारी गाय भर उन्हाळ्यात दिवसाला ७५ लिटर पाणी सहज पिते. शंभर गायींना ७,५०० लिटर. वारा पडला की पवनचक्की थांबते, म्हणून निदान तीन दिवसांचा, २२,५०० लिटरचा साठा हवाच. हौदाचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे हौद भरला की पाणी बंद करणारी तरंगती झडप, रोज हाताने दाबून बघ. तो उघडा अडकला तर रातोरात टाकी रिकामी होते. पाण्यापासून दीडेक किलोमीटरच्या पुढे गुरं फारशी चरत नाहीत. जवळचं गवत मुळापर्यंत खरडलं जातं, लांबचं उभ्याने वाळतं. अशा वेळी गुरं विकायची घाई करू नकोस, लांबच्या कुरणात नवा हौद बांध.

मग मेस्कीट, आपल्या वेड्या बाभळीची बहीण. शेंगा खाऊन गुरंच तिचं बी शेणातून पेरतात. जमिनीलगत छाटलीस तर एका खोडाची दहा होतात, कारण फुटवे धरणारे डोळे मातीखाली असतात. मोठ्या झाडांना ३० ते ३५ सेंमी खोलीवर मूळ कापणारा नांगरच लागतो. गुळगुळीत सालीच्या कोवळ्या झाडांना १५ टक्के ट्रायक्लोपीरचं तणनाशक आणि ८५ टक्के डिझेल मिसळून बुंध्याच्या खालच्या ३० सेंमीवर चहूबाजूंनी फवार. एक बाजू सुटली तर झाड जगतं. जुन्या खरबरीत सालीत हे औषध मुरत नाही.

जातीचं शेवटी बघ. सांता गर्ट्रूडिसमध्ये तीन अष्टमांश ब्राह्मण (भारतीय गुरांपासून अमेरिकेत घडवलेली जात) आणि पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न (ब्रिटिश जात) रक्त आहे. त्या ब्राह्मणमध्ये ओंगोल, कांकरेज, गीरबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचंही रक्त आहे. उन्हाचा काटकपणा तिथूनच आला.

रिओ ग्रांदे या मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीकाठाला, गुरांमध्ये ताप पसरवणाऱ्या गोचिडीसाठी अजून सरकारी विलगीकरण पट्टा आहे. ही गोचीड जनावरावर साधारण तीन आठवडे काढते आणि मग अंडी घालायला खाली पडते. तिला मारायला गुरं औषधाच्या हौदात बुडवून काढतात; त्यातली दुसरी बुडवणी त्याआधीच झाली पाहिजे. नवीन गुरं कळपात सोडण्यापूर्वी कासेजवळ, मांड्यांच्या आत आणि मानेखालच्या पोळीत बोटं फिरवून बघ.