मवाळ नेता आपल्याच उजव्या पक्षात परका कसा होतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एखादा मवाळ नेता वर्षानुवर्षं निवडून येऊनही स्वतःच्याच पक्षाला नकोसा का होतो आणि वरचे लोक त्याला सांभाळून का घेत नाहीत. वरच्यांच्या हातात तिथं फारसं नसतंच. आम्हा सोलापूरकरांना हे पचायला जड जातं. इथं इच्छुकानं रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची आणि सकाळी मुंबईत नेत्याच्या बंगल्यासमोर उभं राहायचं; मतदाराला विचारतंय कोण! तिथं मात्र उमेदवार पक्षाचे मतदारच ‘प्रायमरी’त, म्हणजे पक्षातल्या प्राथमिक निवडणुकीत, ठरवतात.

पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर घ्या. १९८० साली उजव्या रिपब्लिकन पक्षाकडून सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. १९८७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष रेगन यांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांना नाकारणाऱ्या सहा रिपब्लिकन सिनेटरांपैकी हे एक. कट्टर मंडळींनी ते मनात ठेवलं. २००४ च्या प्रायमरीत पक्षातलेच कट्टर प्रतिस्पर्धी पॅट टूमींनी त्यांना घाम फोडला. खुद्द अध्यक्ष बुश पाठीशी असूनही स्पेक्टर जेमतेम तरले.

खरी गंमत पुढे आहे. त्या राज्यात प्रायमरी बंदिस्त, म्हणजे पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत. २००८ मध्ये तिथल्या दोन लाखांवर रिपब्लिकनांनी नोंदणी बदलून समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षात केली. गेले ते बहुतेक मवाळ, म्हणजे स्पेक्टरांचे हक्काचे मतदार. मागे उरलेली यादी आपोआप कडवी झाली. नेता तसूभर हलला नाही तरी पायाखालची जमीन सरकते ती अशी.

फेब्रुवारी २००९ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांच्या ७८७ अब्ज डॉलरच्या आर्थिक पॅकेजला मत देणारे रिपब्लिकन सिनेटर तीनच: स्पेक्टर, ऑलिंपिया स्नो, सुझन कॉलिन्स. (आपल्याकडे व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं खासदारकीच धोक्यात. म्हणून इथली नाराजी मतदानात दिसत नाही, फ्लेक्सवरच्या फोटोच्या आकारात दिसते.) टूमींसमोर आता टिकाव लागत नाही हे ओळखून एप्रिलमध्ये स्पेक्टर डेमोक्रॅट झाले.

त्यांना हुतात्मा करू नका. पुन्हा निवडून येण्यासाठी पक्ष बदलतोय हे त्यांनी लपवलं नाही आणि तेच वाक्य डेमोक्रॅटांच्या प्रायमरीतले त्यांचे प्रतिस्पर्धी जो सेस्टक यांनी जाहिरातीत वापरलं. २०१० मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत स्पेक्टर पडले. नोव्हेंबरमध्ये जागाही टूमींनीच नेली.

उलट अलास्काच्या मवाळ रिपब्लिकन सिनेटर लिसा मुर्कोव्स्की. २०२१ मध्ये त्यांच्याच राज्य शाखेनं त्यांच्या निषेधाचा ठराव केला. पण अलास्काच्या मतदारांनी २०२० मध्येच नियम बदलला होता: सर्व पक्षांच्या उमेदवारांसाठी आणि मतदारांसाठी एकच खुली प्रायमरी, पहिले चार अंतिम निवडणुकीत. त्यामुळे २०२२ मध्ये पक्ष शाखा आणि ट्रम्प दोघेही विरोधात असून त्या निवडून आल्या, आणि त्याही रिपब्लिकन म्हणूनच.